मास्तर दुसऱ्या कामावर आहेत

कंपनीच्या वेबसाइटवर 'आमच्याकडे काम करा' नावाचं एक पान होतं आणि त्या पानावर वहिनींचा नवरा रोज हसत होता.

फोटोत नव्हे. चाळीस सेकंदांची फिल्म होती ती. लिफ्टच्या टपावर तो उभा आहे, कपाळावर वंगणाचा ओघळ, हातात पाना. मागून कुणीतरी टवाळी करतं, तो त्याला हातानंच गप्प करतो, मग समोर बघून म्हणतो, "या. हात काळे होतील, पाठ भरून येईल, पण शिकवीन. हातचं राखून ठेवणार नाही." एवढं म्हणून तो कान खाजवतो, लाजल्यासारखा हसतो, आणि पडदा काळा होतो.

फिल्म काढली त्याला सात वर्षं झाली होती. तो गेला त्याला पाच. दोन हातांनी लिफ्टचं दार उचलणारा माणूस, चार दिवसांच्या तापानं हां हां म्हणता नेला. कंपनी लिफ्ट बसवायची आणि त्यांची देखभाल करायची; तिथल्या फिटर लोकांचा तो मास्तर. तो गेल्यावर कंपनीनं त्याच्या बायकोला भरतीच्या खोलीत बसवलं. खोलीत एक टेबल, एक छपाईचं यंत्र, आणि वर्कशॉपच्या अंगणाकडे उघडणारी खिडकी. फिटर त्यांना वहिनी म्हणायचे, स्टोअरवाला वहिनी म्हणायचा, आणि त्यांच्याहून पंधरा वर्षांनी मोठे असलेले साहेबसुद्धा वहिनीच म्हणायचे. पाच वर्षांत त्यांचं खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर तेवढं उरलं होतं.

घरी सासूबाई होत्या. सकाळी चहाचा कप एका हातात आणि फोन दुसऱ्या हातात धरून त्या ते पान उघडायच्या. लोक पेपर वाचतात तसं, एकदा बघायचं आणि फोन ठेवून द्यायचा. एकदा वहिनी म्हणाल्या होत्या, "आई, ती फिल्म तुमच्या फोनात उतरवून देते. नेट नसलं तरी दिसेल."

"नको."

"अहो, तीच फिल्म. काही बदल नाही."

"तीच कशी? फोनात घेतली की ती आपल्या घरातली झाली. घरातल्या भिंतीवर आहे की तो, चौकटीत. भिंतीवरचा गेलाय." सासूबाईंनी फोनवर बोट ठेवलं. "हा कामावर आहे."

सासूबाईंना आणखी एक खोड होती. कपड्यांच्या घड्या घालताना त्या तोंडातल्या तोंडात शब्दाला शब्द जुळवत बसायच्या. आपल्याला कुणी ऐकत नाही असं त्यांना वाटायचं. वहिनी स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज न करता उभ्या राहायच्या आणि ऐकायच्या.

*लेक माझा कामावरी, वर मजल्यांच्या रांगा,*
*उशीर का झाला बाई, कुणी हाक देऊन सांगा.*

वहिनी तरी कुठल्या वेगळ्या? ऑफिसात अकराच्या सुमाराला, आवाज बंद करून, त्याही एकदा ते पान उघडायच्याच. बाकी सगळं पुढे सरकवायच्या आणि तो कान खाजवतो तिथं थांबायच्या. तो लाजला की कान खाजवायचा. त्यांना बघायला आला होता तेव्हा अर्धा तास कान खाजवत होता, आणि वहिनींच्या धाकट्या बहिणीनं विचारलं होतं, "ताई, याला कानाचं काही दुखणं आहे का?"

*

एका सोमवारी साहेबांनी बोलावलं.

"वहिनी, ते पान सुधारायचंय. सहा फिटर हवेत. हॉस्पिटल आहे, शाळा आहे, त्या दोन उंच इमारती आहेत. दिवाळं नाही वाजलेलं आपलं, कामं भरपूर आहेत. माणसं नाहीत. तीन महिन्यांत माणसं मिळाली नाहीत तर देखभालीची निम्मी कामं सोडावी लागतील."

"माणसं येतात की, साहेब."

"येतात. आणि तीन महिन्यांत जातात. लग्नाला आल्यासारखी येतात, जेवून जातात." त्यांनी पुढ्यातला अर्ज उलटा करून दाखवला. "हा बघा आपला अर्ज. बेचाळीस प्रश्न. आजोबांचा व्यवसाय विचारलाय. आपण फिटर घेतोय की सोयरीक जुळवतोय?"

वहिनी हसल्या. मग साहेब कागदावरचं वजन इकडून तिकडे सरकवत बसले. त्यांच्या बोटांवरून वहिनींना कळलं, खरा विषय अजून यायचाच आहे.

"आणि ती फिल्म," साहेब म्हणाले. "त्याबद्दल मी काही बोलणार नाही. तुम्ही ठरवा."

"इतकी वर्षं का ठेवलीत ती?"

"काढली तर तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"मला वाटायचं, कंपनीला उपयोग होतो म्हणून ठेवलीय. म्हणून मी कधी विषय काढला नाही."

पाच वर्षं एकमेकांना सांभाळत दोघं गप्प बसले होते, आणि तेवढा काळ तो माणूस जगाला बोलावत राहिला होता.

वहिनींनी आधी सोपं काम हातात घेतलं. बेचाळीस प्रश्नांचे नऊ केले. कामाचे तास लिहिले, सुट्ट्या लिहिल्या, उंचीवर काम असतं हे न लपवता लिहिलं. हसणाऱ्या, सूट घातलेल्या परक्या माणसांचा एक फोटो कुठूनतरी आणून लावलेला होता, तो काढून टाकला. त्यातल्या एकाच्याही नखात वंगण नव्हतं. फिल्मला त्यांनी हात लावला नाही. घरात पसारा आवरताना एक खण आपण शेवटी ठेवतो ना, तसं.

मग त्यांच्या मनात आलं, गेलेल्यांनाच विचारावं का गेलात म्हणून. दोन वर्षांत चौदा जण सोडून गेले होते. वही घेऊन त्या फोनला बसल्या.

कुणी फोन उचलला नाही. कुणी म्हणालं, घर लांब पडायचं. एकानं पाय घसरल्याचं सांगितलं आणि आईनं शपथ घातल्याचं. एक म्हणाला, "शिकवणार म्हणाला होतात," आणि फोन ठेवला. पुढचाही तेच म्हणाला. आठवा फोन ज्याला लागला तो आता एका बेकरीत कामाला होता. मागे ट्रे आपटल्याचे आवाज येत होते.

"कोण बोलतंय?"

"लिफ्ट कंपनीच्या भरती विभागातून. आमच्याकडचं काम का सोडलंत, एवढंच विचारायचं होतं."

"आता विचारताय होय? दीड वर्षानं?" तो हसला, पण मनापासून नाही. "जाऊ दे. मी मास्तरांसाठी आलो होतो. त्या फिल्ममधले. बघितल्यावर वाटलं, हा माणूस शिकवेल. आमच्या घरात कुणी कुणाला काही शिकवलेलं नाही हो."

वहिनींच्या हातातलं पेन थांबलं. "मग?"

"पहिल्या दिवशी विचारलं, मास्तर कुठायत? म्हणाले, दुसऱ्या कामावर आहेत. मला हॉस्पिटलच्या कामावर पाठवलं. तिथं विचारलं, तर म्हणाले शाळेच्या कामावर. शाळेत गेलो, तर म्हणाले, आत्ताच गेले. दहा मिनिटं आधी आला असतास तर भेटले असते."

मागे अजून एक ट्रे आपटला.

"असे तीन महिने. मी टॉर्च धरायचो. धरायला टॉर्च आणि बघायला दुसऱ्याची पाठ. शेवटी कळलं मला काय ते."

"काय कळलं?"

"मास्तरांनाच मी नको होतो. कुणीतरी सांगितलं असणार, नवा ठोंब्या आहे म्हणून. टाळत होते ते मला." मागे कुणीतरी त्याला हाक मारली. "ठेवतो. पाव काढायचेत."

फोन बंद झाला. वहिनी खिडकीकडे बघत बसल्या. त्या पोराचं ऐकून वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, पण ते नंतर. आधी मनानं भलतंच केलं. आधी ते त्या दहा मिनिटांमागे धावत सुटलं. शाळेच्या फाटकातून तो बाहेर पडलाय, खांद्याला पिशवी, कोपऱ्यावर वळतोय. दहाच मिनिटं. पाच वर्षं त्या ज्याला पैलतीर समजत होत्या, तो कुणीतरी दहा मिनिटांवर आणून ठेवला होता. जरा भरभर चाललं तर गाठता येईल इतका जवळ.

मग अंगणात कुणीतरी पत्रा टाकला आणि त्या भानावर आल्या.

*

मास्तरचा जोडीदार घुमे. खरं नाव काही का असेना, दिवसाला वीस शब्द बोलतो म्हणून त्याला घुमे म्हणायचे. अठरा वर्षं दोघं एका लिफ्टवर काम करत होते. मास्तर बोलायचा आणि घुमे मान हलवायचा. वहिनी त्याला भाऊजी म्हणायच्या. वर्कशॉपच्या मागे एक चाचणीची लिफ्ट होती, तीन मजल्यांची, चारी बाजूंनी उघडी. तिच्या पायथ्याशी बसून तो डबा खात होता.

"भाऊजी, एक विचारू?"

मान हलली.

"नव्या पोरांना कोण सांगतं, मास्तर दुसऱ्या कामावर आहेत म्हणून?"

घुमेनं घास तसाच धरला. मग डब्यात परत ठेवला.

"सगळेच," तो म्हणाला.

"पहिल्यांदा कोण म्हणालं?"

घुमेनं डब्याचं झाकण लावलं. "मी."

"का?"

"एक नवा पोरगा पहिल्याच दिवशी दात काढून विचारत होता, मास्तर कुठायत, मास्तर कुठायत. गेले म्हणायला तोंड उघडलं, आणि निघालं दुसरंच." घुमेनं हात पुसले. "एकदा म्हणून गेलो. मग बरं वाटलं म्हणायला. सगळ्यांनाच बरं वाटायला लागलं. स्टोअरवाला तर मास्तरच्या नावानं हातमोजे काढून ठेवतो."

एका दमात घुमेचे दोन दिवसांचे शब्द संपले होते. वहिनींना त्याच्यावर रागवायचं होतं. पण घरी एक बाई आणि वर खोलीत एक बाई रोज जे करत होत्या, तेच या लोकांनीही केलं होतं. फरक एवढाच, की यांचं ऐकून एक पोरगा तीन महिने इमारतीमागून इमारती हुडकत फिरला, आणि आपण नकोसे आहोत असं समजून निघून गेला.

"मग त्यांना शिकवलं का नाहीत? तुम्हाला येतं सगळं."

"मी शिकवायला बसलो की..." घुमे अडला. "की मग तो गेला."

वहिनींनी डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही. "भाऊजी, पानावर लिहिलंय, इथं शिकवतात. कुणीच शिकवत नसेल तर मी ते आज खोडते. त्यांच्या तोंडून खोटं नको. जिवंतपणी ते कधी खोटं बोलले नाहीत."

"बोलायचा," घुमे म्हणाला. "तुमच्या हातच्या भाकरीबद्दल."

दोघांनाही हसू आलं, आणि हसता हसता घुमेनं मान फिरवली.

"खोडू नका ते," तो डब्याशी बोलल्यासारखा म्हणाला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी घुमे भरतीच्या खोलीच्या दारात उभा होता. आजवर तो कधी वर आला नव्हता.

"खाली या. चपला इथंच काढा."

वहिनींनी फोन घेतला, कारण पानासाठी काहीतरी टिपायला लागणारच होतं. चाचणीच्या लिफ्टसमोर त्यांनी तो अवजारांच्या पेटीला टेकवून चालू करून ठेवला आणि मग विसरूनही गेल्या. लिफ्टची जमीन गार होती. घुमेही अनवाणी उभा राहिला.

"डोळे मिटा. लिफ्ट कुठं अडखळते, पायाला सांगू द्या."

लिफ्ट वर गेली, खाली आली. "कळलं?"

"नाही."

"परत."

पुन्हा वर, पुन्हा खाली. "कळलं?"

"भाऊजी, मला नुसती गार लागतेय."

"परत."

सातव्या का आठव्या फेरीला, डाव्या टाचेखालून काहीतरी सरकलं. वाळूचा एक कण दाताखाली यावा तेवढंच. वहिनींनी श्वास धरला. "इथं. दुसऱ्या मजल्याच्या जरासं खाली."

घुमेनं लिफ्ट थांबवली आणि हात लांब करून बाजूच्या लोखंडी रुळावर बोट ठेवलं. तिथं दोन रूळ जोडले होते. सांध्यात केसाएवढी चीर होती. "सांधा बसलेला नाही. डोळ्याला दिसत नाही. पायाला दिसतो. पहिले तीन महिने हेच. पाना नाही, टॉर्च नाही. नुसतं चढायचं, उतरायचं. तो असंच शिकवायचा."

वहिनींनी डोळे उघडले नाहीत. अकरा वर्षांच्या संसारात त्यांना त्या माणसाचं सगळं माहीत होतं. भात किती मऊ लागतो, कोणत्या कुशीवर झोपतो, रागावला की कोणतं भांडं घासायला घेतो. तो घरात शिरला की चपला काढून उंबऱ्यापाशी क्षणभर उभा राहायचा, आणि त्यांना वाटायचं, दमलाय. दमला नव्हता. दिवसभर जमिनीचं ऐकलेले पाय ते, घरची जमीन न हलणारी आहे, याची खात्री करून घेत असतील. हे विचारायचं राहून गेलं होतं. आता टाचेखाली तो कण होता, आणि ज्याला सांगायचं तो नव्हता.

"परत?" घुमेनं विचारलं.

"परत," वहिनी म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांनी बेकरीत फोन लावला.

"काल मी बोलले होते. मास्तर पाच वर्षांपूर्वी गेले. तुम्ही आलात त्याच्या आधीच. मी त्यांची बायको."

ट्रेचा आवाज थांबला.

"म्हणजे टाळत नव्हते," तो म्हणाला.

"नाही. त्यांनी तुम्हाला टाळलं नसतं."

परक्या माणसापाशी हे वाक्य त्या पहिल्यांदाच बोलल्या होत्या. मास्तर गेले. तीन अक्षरं आणि मग दोन. त्यानं बाकी काही विचारलं नाही. फक्त कामाची वेळ बदललीय का, एवढं विचारलं. नाही म्हटल्यावर "बघतो" म्हणाला.

*

घरी सासूबाई घड्या घालत होत्या. वहिनी त्यांच्यासमोर बसल्या आणि चादरीचं एक टोक हातात घेतलं. टाळाटाळ करून हे सांगता येणारं नव्हतं.

"आई, ती फिल्म काढतेय मी."

चादरीचं दुसरं टोक हललं नाही.

"पोरं यांना शोधत येतात. सापडत नाहीत म्हणून जातात. एकाला वाटलं, यांना तो नकोसा आहे." वहिनींचा आवाज बारीक झाला. "यांना कुणी तसं समजावं, हे मला नाही सहन होत."

सासूबाईंनी चादर ओढली, नीट कोपऱ्याला कोपरा लावला. एक घडी घातली, मग दुसरी.

"त्याच्या जागी कोण?"

"घुमे भाऊजी."

"तो? त्याच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे विहिरीतून हत्ती काढायचा." मग चादर बाजूला ठेवून: "किती वाजता काढणार?"

"उद्या दहाला."

"दहाला," सासूबाईंनी पाठ केल्यासारखं म्हटलं. "मग मी साडेनऊला बघून घेईन."

"मी तुमच्यासाठी ठेवलीय ती, आई. जपून."

"ठेव. कुठं ते मला सांगू नकोस. मागेन तेव्हा दे." उशीच्या अभ्र्याची घडी घालताना त्यांचे ओठ हलले, पण त्या दिवशी त्यांचा शब्द शब्दाला जुळला नाही.

*

सकाळी साहेब खुर्ची ओढून वहिनींच्या टेबलाशी बसले. पडद्यावर नवं पान तयार होतं. वर फिल्म: उघडी लिफ्ट, दोन जोडी अनवाणी पाय, डोळे मिटलेली एक बाई, आणि एक माणूस पुन्हा पुन्हा विचारतोय, "कळलं?" त्याखाली मजकूर.

"'आमचे मास्तर आता नाहीत,'" साहेब वाचू लागले. "'त्यांनी ज्यांना शिकवलं, ते इथं शिकवतात. बोलतात कमी, पण कितीदाही परत दाखवतात.'" त्यांनी चष्मा काढला. "बोलतात कमी, हेही लिहायचं?"

"लिहायचं. येणाऱ्याला आधीच कळू दे."

साहेबांनी नव्यानं बसवून घेतलेली एक सोय पडद्याच्या कोपऱ्यात होती. या क्षणी पान किती लोक बघतायत, त्याचा आकडा तिथं दिसायचा. दहाला पाच कमी असताना तिथं एक होता. वहिनींना विचारायची गरज नव्हती. त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि थांबल्या. चाळीस सेकंद झाले, अजून चाळीस झाले. एक तिथंच होता. तो आज तीनदा, चारदा कान खाजवत असणार.

दहा वाजले. साहेब उठून खिडकीशी गेले आणि अंगणाकडे तोंड करून उभे राहिले. वहिनींनी बटण दाबलं.

आकडा शून्य झाला.

अंगणात कुणीतरी घुमेला चिडवत होतं, "काय हिरो, सही द्या," आणि घुमे काही बोलत नव्हता. वहिनींनी टेबलावरची वही बंद केली, मग उघडली. घरी आत्ता काय चाललं असेल ते त्यांना दिसत होतं: गार झालेला चहा, मांडीवर उपडा ठेवलेला फोन.

मग कोपऱ्यात पुन्हा एक आला.

तो एक गेला नाही. फिल्म संपण्याइतका वेळ राहिला, आणि ती पुन्हा पहिल्यापासून लावण्याइतका. वहिनी त्या आकड्याशेजारी बसून राहिल्या, कुणाच्या तरी शेजारी बसावं तशा. डोळे भरले ते त्यांनी पुसले नाहीत. साहेब अजून खिडकीशीच होते.

थोड्या वेळानं एकाचे दोन झाले. दुसरं कोण, ते त्यांना माहीत नव्हतं.